कापसाच्या रांगेतली मुंबई

"थांबाऽऽ! समदे थांबा! कोनी हलायचं न्हाई! फोटो निघून राहिला!"

असं ओरडून रहीमजमादारांनी वर शिट्टी फुंकली आणि औंढ्याच्या रस्त्यावरची मैलभर लांब बैलगाड्यांची रांग जागच्या जागी गोठली. अगदी गोठली. चाकावर पाय देऊन गाडीत चढणारा एक गडी दुसरा पाय हवेत धरून तसाच राहिला. चहावाल्यानं वरच्या भांड्यातून सोडलेली चहाची धार खालच्या कपापर्यंत न पोचता मधेच थांबली. हे मी शपथेवर सांगतो. ज्याला पटत नसेल त्यानं तो चहावाला शोधून काढावा आणि त्याला विचारावं.

त्याच्या आधीच्या क्षणी तिथं काय चाललं होतं म्हणून सांगू! कापूस घेणाऱ्या जिनिंगचं फाटक नुकतंच उघडलं होतं. कापसानं फुगलेल्या शे-दीडशे गाड्या एकदम पुढं सरकत होत्या. बैल फुरफुरत होते, माणसं दोन गाड्यांच्या फटीतून पळत होती, कोणी चाबूक उगारलेला, कोणी भाकरीचं फडकं दातात धरलेलं, आणि या सगळ्यावर धूळ आणि कापसाची पिसं. मी एका उपड्या टोपल्यावर उभा, कॅमेरा डोळ्याला, बोट बटणावर. नेमकी तेव्हाच जमादारांना माझी दया आली. पोलिसांतर्फे रस्त्यावरचा बंदोबस्त त्यांच्याकडं होता. एवढं चोवीस वर्षांचं शिकलेलं पोरगं सकाळपासून फोटो काढायला धडपडून राहिलंय आणि हे लोक त्याच्यासाठी एका जागी उभेसुद्धा राहत नाहीत, याची त्यांना खात्याच्या वतीनं शरम वाटली असावी.

मग काय विचारता! हट्टा गावच्या दत्तरावांनी आपल्या डाव्या बैलाचं शिंग धरून त्याचं तोंड माझ्याकडं वळवलं. "पाह्य रे राजा, इकडं पाह्य." बैलानं पाहिलं. मागून कोणीतरी ओरडलं, "दम धरा वो, माझा थोरला भाऊ पानी प्यायला गेला!" सगळी रांग थोरल्या भावासाठी थांबली. तो आला, मिशा पुसल्या, पटका सारखा केला आणि मला विचारलं, "कोन्या अंगानं पाहू?" रांगेच्या मागच्या टोकाला पोचेपर्यंत तर बातमी अशी झाली, की कोणी मोठा पुढारी वारला आणि दोन मिनिटं उभं राहायचं आहे. तिकडच्या लोकांनी पटके काढून हातात घेतले आणि एकदोघांनी डोळेही पुसले. जमादार स्वतः मधोमध येऊन उभे राहिले, पोट आत घेतलं, पट्टा आवळला आणि हुकूम सोडला, "हां, अब निकालो."

"जमादारसाहेब," मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "मला पळणारी माणसं पाहिजे होती."

"तो?"

"तुम्ही थांबवली ना."

"फिर? हिलते आदमी का फोटो बिगडता नै क्या? आपुन जिम्मेदारी से काम करते, फोटूवाले."

मी बटण दाबलं. न दाबून सांगतो कोणाला? दोनशे माणसं श्वास कोंडून उभी होती. आणखी उशीर केला असता तर चार-दोन जण तिथंच आटोपले असते.

यंदा पुन्हा कापूस आला आणि हे सगळं वर आलं. आता बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येतात, त्यांच्यावर जाळी बांधलेली असते. पण जाळीतूनही एखादं चुकार पीस सुटतंच. परवा रस्त्यानं चाललो होतो तर असं एक पीस माझ्या मिशीत येऊन बसलं. मिशी आता त्याच रंगाची झालीय, त्यामुळं घरी जाऊन जेवण होईपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. ट्रॉलीवर बसलेलं एक पोरगं मोबाइल वर धरून स्वतःचा फोटो काढत होतं, ट्रॉली चालू, फोटो चालू, तोंडात गुटखा चालू. मी थांबून त्याच्याकडं पाहिलं. ते काही थांबलं नाही.

तो हंगाम सत्तरीच्या दशकाच्या शेवटाशेवटाचा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. त्या साली कापूस असा पिकला होता, की झाडांना पानं कमी आणि बोंडं जास्त. गावात सगळीकडं कापूसच कापूस. निंबाच्या झाडांना पांढरा मोहर आला म्हणून मधमाश्या यायच्या आणि फसून परत जायच्या. हॉटेलात चहावर साय दिसली की आधी फुंकर मारायची. उडाली तर कापूस, राहिली तर साय. रांगेतल्या गाड्या तीन-तीन, चार-चार दिवस उभ्या. माणसं गाडीखाली चुली मांडून भाकऱ्या थापायची, तिथंच दाढ्या व्हायच्या, तिथंच सोयरिकी जमायच्या. वसमतकडची एक गाडी आणि सेनगावकडची एक गाडी मागं-पुढं लागल्या आणि वजनाचा काटा होईपर्यंत दोन्ही घरचे एकमेकांचे व्याही झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लग्नाचा फोटोही आमच्याच मामांनी काढला.

तर मामा. नारायणमामांचा फोटो स्टुडिओ गावात एकुलता एक नव्हता, पण मामा तसंच धरून चालायचे. तीन पायांवर उभा असलेला लाकडी कॅमेरा, काळं फडकं, आणि मागं एक रंगवलेला पडदा. त्या पडद्यावर मुंबईचा रस्ता होता. ज्या पेंटरनं तो रंगवला त्यानं मुंबई पाहिली नव्हती, पण म्हणून तो अडला नाही. सात मजली इमारतीला त्यानं ओसरी काढली होती आणि ओसरीत उखळ. मोटारीला पुढं दोन दिवे आणि दिव्यांना पापण्या. रस्त्यावरच्या पोलिसाचं तोंड पेंटरच्या सासऱ्यासारखं झालं होतं आणि सासरे येऊन ते खोडायला लावून गेले होते, त्यामुळं पोलिसाला तोंडच नव्हतं. या मुंबईसमोर बसून निम्म्या तालुक्यानं फोटो काढले. मीही सहा वर्षं त्या पडद्यापुढं नवरा-नवरी बसवत आलो होतो. हनुवटी वर, खांदे खाली, हलायचं नाही.

आणि मग माझं डोकं फिरलं. हैदराबादच्या भावजींनी त्यांचा जुना जपानी कॅमेरा मला दिला, तळहाताएवढा. सोबत छत्तीस फोटोंचा एकच रोल. तसला रोल आमच्याकडं मिळत नव्हता. त्याच सुमाराला वाचनालयात मुंबईचं एक साप्ताहिक हाती लागलं. त्यात मोठ्या शहरांच्या रस्त्यांवरचे फोटो होते. अहो, काय ते फोटो! माणसं अशी चाललेली, की पानातून बाहेर पडून माझ्या पायावर पाय देतील. कोणाचा अर्धा चेहरा, कोणाची नुसती छत्री, एक बाई रस्ता ओलांडताना पुसट झालेली. आणि एकही माणूस कॅमेऱ्याकडं पाहत नव्हता! मी ते पान वाचनालयात बसून इतका वेळ पाहत राहिलो, की ग्रंथपालानं जवळ येऊन माझी नाडी पाहिली.

मी संपादकांना पत्र लिहिलं. सोबत आपले पाच फोटो जोडले. पत्रात "आमच्या शहरात" असा शब्द चार वेळा घातला आणि हिंगोलीची लोकसंख्या लिहिताना बैल धरले. उत्तर येणार नाही अशी खात्री होती, म्हणून तर एवढं लिहिलं. पण उत्तर आलं. फोटो स्वच्छ आहेत, त्यांनी लिहिलं होतं, पण माणसं पुतळ्यांसारखी वाटतात. आम्हाला एक छायाचित्रकार हवा आहे. रस्त्यावरचा एक फोटो पाठवा, ज्यात तुमच्या शहराची गती दिसेल आणि कुणीही कॅमेऱ्याकडे पाहत नसेल. संक्रांतीच्या आत पोचला आणि पसंत पडला तर भेटायला बोलावू.

म्हणजे एका फोटोचा सवाल होता. जमला तर खरी मुंबई. नाही जमला तर उरलेला जन्म बिनतोंडाच्या पोलिसापुढं.

मामांना पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पडद्याकडं बोट दाखवलं. "ही काय हाय मग? मुंबईच हाय. धूळ न्हाई, गर्दी न्हाई, बसायला खुर्ची हाय."

"मामा, पळत्या माणसांचा फोटो पाहिजे त्यांना."

"पळत्या?" मामांनी काळं फडकं घडी करून ठेवलं. ते गंभीर झाले की घड्या करायचे. "दिगू, आपला मानूस जन्मात एकदा फोटो काढतो. लगनात काढला तर काढला. तोच पुढं त्याच्या मागं भिंतीला लागतो, त्यालाच हार पडतो. त्याला तू पळताना दाखवशील? मेल्यावर भिंतीवर पळून राहील का तो?"

तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, सगळ्या रांगेचं कोडं त्या एका वाक्यात होतं. कॅमेरा दिसला की आमची माणसं थांबायची ती अडाणी होती म्हणून नव्हे. कोणता फोटो भिंतीवर जाणार हे कोणालाच माहीत नसतं. मग निदान पटका तरी सारखा असावा! पण चोविसाव्या वर्षी असं काही सुचत नाही. चोविसाव्या वर्षी मला एवढंच दिसत होतं, की जगातली सगळी माणसं चालतात आणि हिंगोलीची तेवढी माझ्यावर सूड घ्यायला उभी राहतात. मी तर चिडून सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो, निदान मासा तरी हलता मिळेल म्हणून. मासा पाण्याबाहेर आला, मला पाहिलं आणि कल्ले दाबून शेपटीवर ताठ उभा राहिला. हे मी कोणाला सांगितलं की लोक माझ्याकडं रागानं पाहतात, म्हणून आता सांगत नाही.

रस्त्यावर मी काय काय करून पाहिलं! कॅमेरा पोटाशी धरून, न बघता बटणं दाबत रांगेतून फिरलो. आठ फोटो गेले. पुढं रोल धुतल्यावर निघालं काय, तर तीन चाकं, दोन शेपट्या, एक बैलाची जीभ, एक आभाळ आणि एकात माझाच अंगठा. अंगठा मात्र फार जिवंत आला होता.

मग दत्तरावांच्या गाडीत लपलो. दत्तराव माणूस दिलदार. म्हणाले, "बस की, कापूस का तुला खाऊन राहिला?" कापसात गळ्यापर्यंत शिरलो, डोक्यावर कापूस ओढून घेतला, कॅमेऱ्याचा डोळा तेवढा बाहेर. उबेनं मला झोप लागली. जाग आली ती कानाला कोणीतरी धरल्यामुळं. गाडी फाटकातून आत गेली होती आणि कापसाची प्रत ठरवणाऱ्या साहेबांनी ओल तपासायला आत हात घातला होता. त्यांच्या हाताला माझा घामट कान लागला. त्यांनी तो चोळला, दाबला आणि जाहीर केलं, "माल ओला आहे."

"ओला?" दत्तराव खवळले. "सायेब, माझ्या कापसात ओल न्हाई. फोटोवाला हाय!"

साहेबांनी कान ओढला. मी वर आलो. त्या साहेबांनी पुढं वर्षभर कोणत्याच गाडीत हात घातला नाही म्हणतात, काठी घालायचे.

शेवटी मी सरळ लोकांना हात जोडले. वीस-पंचवीस माणसं गोळा केली आणि सांगितलं, "हे बघा, तुम्ही फक्त चाला. माझ्याकडं बघू नका. रोज चालता तसं चाला." सगळे तयार. कोणाला काय, चालायचंच तर होतं. पण पाऊल कोणी उचलेना. कोणी उजवा पाय पुढं टाकून पाहिला आणि मागं घेतला, कोणी हातांचं काय करायचं म्हणून ते पाठीमागं बांधले. एकजण तर आपल्याच पायांकडं असा पाहत होता, जसं काही ते शेजाऱ्याचे आहेत.

"काहून थांबले?" मी ओरडलो.

दुसरी खेप घेऊन आलेले दत्तराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "रोज कसं चालतो ते आता आठवूनच न्हाई राहिलं."

जमादारांना राहवलं नाही. ते पुढं झाले, शिट्टी काढली आणि "लेफ्ट, राइट, लेफ्ट" सुरू केलं. पंचवीस शेतकरी धोतरं सावरत एका तालात औंढ्याच्या दिशेनं निघाले. माझ्याकडं बघायचं नाही म्हणून सगळ्यांनी माना दुसरीकडं वळवल्या होत्या, आणि माना दुसरीकडं म्हणून सगळे रस्त्याच्या कडेच्या नालीत उतरले. तसेच उतरले, तालात.

असे पस्तीस फोटो संपले. छत्तिसावा उरला. संक्रांत पंधरा दिवसांवर.

आता कौसाबाई. पुसेगावची, साठीच्या आसपासची, नवरा नव्हता, मुलगी वसमतकडं दिली होती. स्वतः पेरलं, स्वतः वेचलं आणि गाडी भाड्यानं करून स्वतःच रांगेत येऊन बसली होती, कापसाच्या ढिगावर, गादीवर बसावं तशी. मी पहिल्यांदा तिच्या समोरून गेलो तेव्हापासून तिचं एकच, "लेकरा, माझा फोटो काहून न्हाई काढत?"

"तुमचा काढून काय करू, मावशी? मला गर्दी पाहिजे."

"गर्दीत मी न्हाई का?"

तिची गोष्ट साधी होती. मुलीच्या घरात भिंतीवर सासऱ्याचा फोटो होता, सासूचा होता, सासऱ्याच्या घोडीचासुद्धा होता. माहेरचं कोणी नव्हतं. कौसाबाईच्या नवऱ्याचा फोटो कधी निघालाच नाही. "पोरगी म्हनती, माय, तुझा तरी दे. मागं आपला कापूस दिसला पाह्यजे म्हनती. सासूला दिसला पाह्यजे, माय कशाची मालकीन हाय ते." म्हणून मामांच्या स्टुडिओत यायला ती तयार नव्हती. त्या मुंबईत तिचा कापूस कुठून येणार? शिवाय रांग सोडली की नंबर गेला.

त्या आठवड्यात बारदाना, म्हणजे कापूस भरायची पोती, संपली आणि काटा बंद पडला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. रांग दोन मैल झाली. हलणं नाही, बोलणं नाही. माणसं कंटाळून कंटाळून गप्प झाली, कुत्री जांभया देऊन थकली. गती टिपायला गेलेल्या माणसापुढं नशिबानं काय वाढून ठेवावं! तिसऱ्या दिवशी दुपारी मी कौसाबाईच्या गाडीशी जाऊन बसलो. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदाच कॅमेरा पिशवीत ठेवला होता.

"झालं तुझं?" तिनं विचारलं.

"झालं. एकच उरलाय. तुमचा काढतो."

मी तो रुसून दिला, हे कबूल करतो. मोठ्या मनानं दिला असं पुष्कळदा सांगितलंय, पण ते खरं नाही. मुंबई गेली, आता मेलं काहीही काढा, असं झालं होतं. पण तिला काय त्याचं! ती उतरली, रांजणातल्या पाण्यानं तोंड धुतलं, गाठोड्यातून हिरवं इरकली लुगडं काढलं आणि गाडीआड जाऊन नेसून आली. कपाळ पुसलं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. मग कापसाच्या ढिगापुढं उभी राहिली. एकटीला कसंतरी वाटलं म्हणून तिनं शेजारणीला बोलावलं, शेजारीण आली तर तिचा भाऊ आला, दत्तराव आले, आणि बघता बघता सत्तर-ऐंशी माणसं तीन ओळीत उभी राहिली. पुढचे उकिडवे, मधले उभे, मागचे चाकांवर चढलेले. मधोमध कौसाबाई, हात मांड्यांना चिकटवून, नजर माझ्यात रुतवून. जमादार ओळी सरळ करत होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. आयुष्यात एवढं निश्चल काही मी पाहिलं नाही. फोटो काढायची गरजच नव्हती, तसंच चौकटीत घालून भिंतीवर लावलं असतं तरी चाललं असतं.

बटणावर बोट टेकलं आणि फाटकाकडून आरोळी आली, "बारदाना आला! काटा चालू झालाऽऽ!"

मी सांगतो, भूकंपात जमीनसुद्धा थोडी आधी कुरकुरते. इथं काहीच सूचना नव्हती. तीन ओळी फुटल्या. माणसं माझ्या अंगावरून, टोपल्यावरून, जमादारांवरून आपापल्या गाड्यांकडं पळाली. जू उचललं, बैल ओढले, शिव्या, हाका, दावी सुटली, धुळीचा डोंगर उठला, कापसाचा एक सबंध ढीग वाऱ्यावर गेला. जमादारांची शिट्टी वाजत होती, पण जमादार दिसत नव्हते. आणि त्या सगळ्यात कॅमेरा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मला धक्का लागला, मी गुडघ्यावर आदळलो आणि बोट दाबलं गेलं. मी दाबलं असं मी मुंबईत सांगायचो. दाबलं गेलं, हे खरं.

मामांनी तो रोल स्वतः धुतला. लाल दिव्याखाली तबकात छत्तिसाव्या फोटोचा कागद हळूहळू काळा व्हायला लागला आणि मी तबकावर वाकलो. पाठी, पाठी, पाठी. हवेतले हात, उडालेला पटका, एक फिरतं चाक ज्याचे आरे दिसेनात. धुळीत बैल बुडून गेले होते, मोटारी आहेत म्हटलं असतं तरी चाललं असतं. मागं कापूस असा उडाला होता, की एखाद्या गिरणीचा धूर वाटावा. वाचनालयातला तो अंक याच्यापुढं झोपलेला होता. मामांनी तो तबकातून उचलून दिव्याजवळ नेला. ते फडक्याच्या घड्या करत नव्हते, एवढं मी पाहिलं.

मी फोटोची एक प्रत टपालात टाकली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. गर्दीचा वेग विलक्षण टिपला आहे, त्वरित भेटायला या. खाली एक ओळ होती, हा तुमच्या शहरातला कोणता चौक, ते कळवावं.

गेलो. सात वर्षं राहिलो. त्या साप्ताहिकासाठी खूप फोटो काढले. मुंबईत पहिल्या दिवशी मी एका फुटपाथवर कॅमेरा उचलला आणि डोळ्यांत पाणी आलं. कोणी थांबलं नाही! हजारो माणसं, एकानंही केस सारखे केले नाहीत. एक महिना मी हवेत होतो. त्यानंतर कधीतरी, एका दुपारी, फळांच्या गाडीशी उभा असताना सहज एका गृहस्थाला म्हणालो, "अहो, जरा इकडं बघता का?" तो म्हणाला, "कशाला?" आणि गेला. ते "कशाला" काही केल्या डोक्यातून जाईना. सात वर्षांनी परत आलो तेव्हा मामा नव्हते, त्यांचा लाकडी कॅमेरा पुसून ठेवलेला होता आणि काळं फडकं घडी घातलेलं. मुंबईचा पडदा मी उतरवला. त्या जागी काय लावलं म्हणता? काही नाही. लोक आपापलं आणायचे. एकानं म्हैस आणली होती.

पण हे सगळं पुढचं. मुंबईला निघायच्या दोन दिवस आधी मी तो फोटो आणि संपादकांचं पत्र घेऊन रांगेवर गेलो होतो. आनंद कोणाला तरी दाखवल्याशिवाय तो पुरा होत नाही. फोटो गाडीगाडीतून फिरला. जमादारांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि सगळी माणसं पळून गेल्याबद्दल माझी माफी मागितली. दत्तरावांनी एका शेपटीवर हक्क सांगितला. बाकीचे आपापल्या पाठी शोधत होते, आणि आपली पाठ आपण कधी पाहिलेली नसल्यामुळं भांडणं लागत होती.

कौसाबाई उरलेल्या वेचणीचा कापूस घेऊन पुन्हा आली होती. मला दुरूनच पाहिलं तशी गाडीतून उतरली. काखेत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी होतं. तिनं गाठ सोडली. आत चौकट होती, बाभळीच्या लाकडाची, जावयानं घरी बनवलेली, काच वसमतहून आणून बसवलेली. मागचे खिळेसुद्धा अर्धे ठोकून ठेवले होते, फोटो आत सरकवला की पुरे ठोकायचे.

"आन," ती म्हणाली.

मी फोटो दिला आणि घाईघाईनं बोलायला लागलो. मुंबईच्या संपादकांनी किती वाखाणला ते सांगितलं, पत्र वाचून दाखवलं, विलक्षण म्हणजे काय तेही सांगितलं. या एका फोटोवर मला मोठ्या शहरात बोलावलं म्हणालो. खालच्या कोपऱ्यात एक उचललेली टाच होती आणि तिच्यामागं पदराचा फराटा. त्यावर बोट ठेवून म्हणालो, "ही बघा मावशी, ही तुमची टाच."

तिनं हात लुगड्याला पुसले, फोटो घेतला आणि उन्हाकडं धरला. वरून खाली पाहिला, डावीकडून उजवीकडं पाहिला. मग चौकटीवर ठेवून पाहिला, मापात बराबर बसत होता. पुन्हा उचलून डोळ्यांजवळ नेला आणि मला परत दिला.

"ह्याच्यात तर कोनीच न्हाई," ती म्हणाली.